मिसिसिपी : सुपीक भूमी आणि दरिद्री राज्य

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांची क्रमवारी दरडोई उत्पन्न, बालमृत्यू, सरासरी आयुर्मान यांपैकी कोणत्याही निकषावर लावली, तरी मिसिसिपीचे नाव तळाशी किंवा तळाजवळ आढळते. या राज्याची भूमी मात्र जगातील अत्यंत सुपीक भूमींत गणली जाते. पाऊस भरपूर, हिवाळा सौम्य, पश्चिम सीमेवर खंडातील सर्वांत महत्त्वाचा जलमार्ग आणि दक्षिणेस समुद्र. एवढे सगळे असूनही हे राज्य गरीब का, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ ‘मागासलेपणा’ या एका शब्दात दिले गेले. हा शब्द सोयीचा आहे. पण त्यातून काहीच उलगडत नाही. मिसिसिपी हा जगापासून तुटलेला, बाजारपेठेची ओळख नसलेला प्रदेश कधीच नव्हता. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जागतिक व्यापाराशी इतके घट्ट बांधले गेलेले कृषिप्रदेश जगात थोडेच होते. तेथील कापूस लिव्हरपूलला जाई, भांडवल न्यूयॉर्क-लंडनहून येई आणि तेथील युद्धाचे पडसाद मुंबईच्या शेअरबाजारात उमटत. प्रस्तुत लेखात या राज्याच्या भूगोलाचा, इतिहासाचा आणि अर्थव्यवस्थेचा आढावा घेताना जमीन कोणाच्या हाती गेली, श्रम कोणाचे होते आणि मत कोणाला होते, या प्रश्नांकडे विशेष लक्ष दिले आहे.

नदीने घडविलेली भूमी

मिसिसिपीचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख २५ हजार चौ. कि.मी. आहे, म्हणजे विदर्भापेक्षा काहीसे मोठे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २९ लाख ६१ हजार होती. उत्तरेस टेनेसी, पूर्वेस अलाबामा, पश्चिमेस नदीपलीकडे आर्कान्सॉ व लुईझियाना आणि दक्षिणेस लुईझियानाचा काही भाग व मेक्सिकोचे आखात अशा त्याच्या सीमा आहेत. प्रदेश सखल आहे. ईशान्येकडील वूडल हे सर्वोच्च ठिकाणही समुद्रसपाटीपासून जेमतेम २४६ मीटर उंच आहे. वार्षिक पाऊस साधारणपणे १२५ ते १६० सें.मी. पडतो आणि वर्षातील दोनशेहून अधिक दिवस दहिवराची भीती नसते. कपाशीला यापेक्षा अधिक काही लागत नाही.

राज्याचे नाव नदीवरून आले असून मूळ ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ ‘मोठी नदी’ असा होतो. वायव्येकडील, मिसिसिपी व याझू या नद्यांमधील सपाट प्रदेशाला ‘डेल्टा’ म्हणतात. भूगोलाच्या काटेकोर अर्थाने हा त्रिभुज प्रदेश नव्हे. नदीचे मुख तेथून शेकडो कि.मी. दक्षिणेस आहे. हे पूरमैदान आहे. सुमारे ३२० कि.मी. लांब आणि रुंद भागी १४० कि.मी.पर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात हजारो वर्षे नदी आपला गाळ पसरवीत आली. डेल्टाच्या पूर्व कडेला वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीच्या टेकड्यांची रांग आहे. नॅचेझ आणि व्हिक्सबर्ग ही शहरे याच टेकड्यांच्या नदीकडील कड्यांवर वसली. ईशान्येस काळ्या मातीचा एक अरुंद पट्टा, दक्षिणेस पाइनची विस्तीर्ण वने आणि सर्वांत खाली वाळूच्या बेटांनी अडविलेला छोटासा किनारा, अशी उरलेली रचना आहे.

ही नदी स्थिर नाही, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. नॅचेझच्या उत्तरेस रॉडनी नावाचे भरभराटीचे बंदर होते. नदीने पात्र बदलले, ती सुमारे ३ कि.मी. पश्चिमेस सरकली आणि रॉडनी ओस पडले. १८७६ मध्ये व्हिक्सबर्गलाही नदीने असेच सोडले. पुढे १९०३ मध्ये याझूचे पाणी कालव्याने वळवून शहराला धक्क्याशी पाणी आणून द्यावे लागले. ज्या राज्याची पश्चिम सीमाच नदीच्या लहरीवर अवलंबून आहे, तेथे पूरबांध कोणी बांधावा, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या श्रमाने, हा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी राहणे स्वाभाविक होते.

चॉक्टॉंची भूमी, कापसाचे राज्य

युरोपीय येण्यापूर्वी या प्रदेशात चॉक्टॉ, चिकसॉ आणि नॅचेझ हे प्रमुख समाज राहत होते. मका, घेवडा व भोपळा पिकविणारे हे शेतकरी लोक होते. त्यांना केवळ शिकारी समजणे चूक आहे. हर्नांडो दे सोतो या स्पॅनिश सेनानीची तुकडी १५४०-४१ मध्ये येथून गेली. फ्रेंचांनी १६९९ मध्ये बिलॉक्सी उपसागराच्या काठी आणि १७१६ मध्ये नॅचेझ येथे किल्ला उभारला. १७२९ मध्ये नॅचेझ लोकांनी उठाव केला, तेव्हा फ्रेंचांनी तो समाजच उद्ध्वस्त केला. पुढे १७६३ मध्ये ब्रिटिश, १७७९ मध्ये नॅचेझ भागात स्पॅनिश आणि १७९८ मध्ये अमेरिकी संघराज्य असे धनी बदलत गेले. १० डिसेंबर १८१७ रोजी मिसिसिपी हे संघराज्यातील विसावे राज्य झाले.

राज्याचे भवितव्य मात्र या तहांपेक्षा एका यंत्राने अधिक ठरविले. एली व्हिटनीने १७९३ मध्ये रुईपासून सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले आणि आखूड धाग्याचा कापूस फायद्याचा झाला. त्यानंतर मेक्सिकोतून आणलेल्या बियाण्यापासून रॉडनीच्या परिसरात ‘पेटिट गल्फ’ हे वाण निवडून काढण्यात आले. त्याची बोंडे चांगली उमलत व वेचणी झपाट्याने होई. पीक हाती होते, बाजारपेठ हाती होती. अडचण होती ती जमिनीची, कारण राज्याचा उत्तर व मध्य भाग अजून चॉक्टॉ आणि चिकसॉ यांचा होता.

ही अडचण १८३० च्या दशकात दूर करण्यात आली. सप्टेंबर १८३० मधील डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने चॉक्टॉंनी मिसिसिपीतील आपली उरलेली सुमारे १ कोटी १० लाख एकर भूमी सोडली. १८३२ मध्ये पॉन्टोटॉकच्या तहाने चिकसॉंची भूमी गेली. चॉक्टॉंचे स्थलांतर हे अँड्र्यू जॅक्सन यांच्या १८३० च्या कायद्याखालील पहिले मोठे स्थलांतर होते. अॅलेक्सी द तोकव्हील या फ्रेंच विचारवंताने १८३१ च्या कडाक्याच्या थंडीत मेम्फिसजवळ नदी ओलांडणारे चॉक्टॉ स्वतः पाहिले. तहाच्या चौदाव्या कलमानुसार ज्यांना मागे राहायचे असेल, त्यांना नोंदणी करून जमीन मिळणार होती. परंतु नोंदणी करणाऱ्या सरकारी प्रतिनिधीने बहुतेकांची नावे घेतलीच नाहीत. राज्याच्या राजधानीला ज्या जॅक्सन यांचे नाव दिले आहे, त्यांच्याच कारकिर्दीत हे घडले. चॉक्टॉंचा एक प्रमुख ग्रीनवूड लफ्लोर मात्र मागे राहिला, शेकडो गुलामांचा मालक असलेला मळेवाला बनला आणि राज्याच्या सिनेटवरही गेला. डेल्टामधील एक शहर आणि एक कौंटी आजही त्याचे नाव धारण करतात. विस्थापितांच्या इतिहासातही वर्ग असतात, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

रिकाम्या झालेल्या जमिनीवर मळेवाले आले आणि त्यांच्याबरोबर व्हर्जिनिया, मेरीलँड या जुन्या राज्यांतून विकत घेतलेले गुलाम आले. नॅचेझच्या वेशीवरील ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा दक्षिणेतील मोठ्या गुलामबाजारांपैकी एक होता. १८२० मध्ये राज्यात सुमारे ३३ हजार गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या ४ लाख ३६ हजार ६३१ झाली. त्या वर्षी एकूण लोकसंख्या ७ लाख ९१ हजार होती, म्हणजे दर शंभर रहिवाशांपैकी पंचावन्न जण दुसऱ्याच्या मालकीचे होते. १८५९ च्या हंगामात मिसिसिपीत सुमारे १२ लाख गाठी कापूस पिकला. देशाच्या एकूण पिकाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक असलेले हे पीक कोणत्याही राज्यापेक्षा मोठे होते. या काळातील समृद्धीची नोंद करताना एक गोष्ट विसरता येत नाही. मळेवाल्यांच्या संपत्तीचा मोठा भाग जमीन किंवा यंत्रे नव्हती, तर माणसे होती. ती संपत्ती शाळा, कारखाने वा रस्ते यांत उतरलीच नव्हती.

युद्ध आणि मुंबईचा बाजार

९ जानेवारी १८६१ रोजी मिसिसिपी संघराज्यातून फुटले. साउथ कॅरोलिनानंतर असे करणारे ते दुसरे राज्य. आपल्या जाहीरनाम्यात त्याने फुटण्याचे कारण आडपडदा न ठेवता सांगितले : गुलामगिरीची संस्था. ‘राज्यांचे हक्क’ हा युक्तिवाद पुढील पिढ्यांनी ठळक केला. फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस हे मिसिसिपीचेच सिनेटर होते. व्हिक्सबर्गच्या कड्यावरील तोफांमुळे नदीवर त्यांचा ताबा होता. जनरल ग्रँट यांनी मे १८६३ मध्ये शहराला वेढा घातला आणि ४ जुलै रोजी ते पडले. त्यामुळे दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

युद्धाचा आणि मुंबई इलाख्याचा संबंध सर्वश्रुत आहे, पण त्याची सुरुवात त्यापूर्वीची होती. लँकेशायरच्या गिरण्यांना एकाच देशावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागातून दहा मळेवाले भारतात आणले होते. त्यांचे बहुतेक प्रयोग फसले. धारवाड भागात तेवढे अमेरिकी बियाणे रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस नावारूपास आला. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे १८६१ नंतर अमेरिकेचा कापूस अडकला, तेव्हा गुजरात, खानदेश व वऱ्हाडातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत बँका व जमीन भरावाच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनिकही त्यात बुडाले आणि बँक ऑफ बॉम्बे डबघाईस आली. मुंबईतील सट्टेबाजीची कथा वारंवार सांगितली जाते. ज्या मळ्यांत तो कापूस पिकत नव्हता म्हणून हे सर्व घडले, त्या मळ्यांतील गुलाम याच वेळी हजारोंच्या संख्येने काम सोडून उत्तरेच्या सैन्याकडे निघाले होते. मुंबईच्या तेजीच्या मुळाशी त्यांचे हे निघून जाणेही होते, हा दुवा मराठी लेखनात क्वचितच येतो.

पुनर्रचनेपासून १८९० च्या घटनेपर्यंत

युद्धोत्तर काळ, ज्याला ‘पुनर्रचना’ म्हणतात, तो मिसिसिपीच्या इतिहासातील सर्वांत आशादायी आणि सर्वांत बदनाम केलेला कालखंड आहे. १८७० मध्ये राज्य पुन्हा संघराज्यात आले. त्याच वर्षी हायरम रेव्हेल्स हे अमेरिकी सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, तेही मिसिसिपीतून. ब्लांश ब्रूस यांनी १८७५ ते १८८१ असा सिनेटचा पूर्ण कार्यकाळ भोगला. ते गुलामगिरीत जन्मलेले होते. जॉन रॉय लिंच हे १८७२ मध्ये, पंचविशीच्या आतच, राज्य प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. राज्यातील सार्वजनिक शाळांची व्यवस्था १८७० मध्ये सुरू झाली आणि १८७१ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी अॅल्कॉर्न विद्यापीठ स्थापन झाले. भ्रष्टाचार व अंदाधुंदी यांचे जे चित्र पुढे पाठ्यपुस्तकांतून रंगविण्यात आले, त्यात शाळांचा हा उल्लेख सहसा नसे.

१८७५ च्या निवडणुकीत धमक्या, गोळीबार व खून यांच्या बळावर हे सरकार उलथविण्यात आले. ही पद्धत ‘मिसिसिपी योजना’ म्हणून दक्षिणेत अनुकरणीय ठरली. परंतु हिंसेने मिळविलेली सत्ता दर निवडणुकीला हिंसेनेच राखावी लागते. १८९० च्या घटना परिषदेने तिला कायद्याचे रूप दिले. प्रत्येक मतदारावर दोन डॉलर डोईपट्टी बसविण्यात आली. मतदाराला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखविल्यावर त्याचा अर्थ समाधानकारकपणे सांगता यावा, अशी अट घालण्यात आली. समाधान कोणाचे, तर नोंदणी कारकुनाचे. कलमात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता आणि त्यामुळेच १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. ही घटना मतदारांच्या मंजुरीसाठी ठेवण्यात आली नाही.

या परिषदेतील एकमेव कृष्णवर्णीय प्रतिनिधी आयझाया माँटगोमेरी यांचे चरित्र चटकन निवाडा देऊ देत नाही. जेफरसन डेव्हिस यांच्या थोरल्या भावाच्या मळ्यावर ते गुलाम म्हणून जन्मले. १८८७ मध्ये त्यांनी डेल्टामधील जंगल तोडून माउंड बायू हे संपूर्णपणे कृष्णवर्णीयांचे गाव वसविले. तेथे पुढे स्वतःची बँक आणि स्वतःची सरकी तेलाची गिरणीही निघाली. याच माँटगोमेरी यांनी परिषदेत आपल्या बांधवांचे मत काढून घेणाऱ्या कलमाच्या बाजूने कौल दिला. मत सोडून दिल्यास जमीन व जीव तरी वाचेल, असा त्यांचा हिशेब असावा. जमीन वाचली नाही. १९०० च्या सुमारास डेल्टामधील शेतमालकांत सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय होते, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. कारण युद्धानंतर दलदल साफ करण्याचे कष्ट त्यांनीच केले होते. कापसाचे उतरते भाव, कर्ज न देणाऱ्या बँका आणि मताचा अभाव यांमुळे पुढील दोन दशकांत यांतील बहुतेकांच्या जमिनी हातच्या गेल्या.

बटई, खावटी आणि महापूर

जमीन गेल्यावर बटई उरली. मळेवाला जमीन, खेचर व बियाणे देई. वेचणीपर्यंत कुटुंबाला खावटी म्हणून पीठ, डुकराचे मांस व काकवी मळ्यावरील दुकानातून उधार मिळे. डिसेंबरात हिशेब होई. वही मालकाची, वजन मालकाचे आणि भावही त्यानेच सांगितलेला, त्यामुळे निम्म्या पिकाचा धनी असलेला वाटेकरी बहुधा कर्जातच पुढील वर्षात पाऊल ठेवी. वऱ्हाड-खानदेशच्या सावकारीच्या अभ्यासकाला ही यंत्रणा अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे सावकार, जमीनदार, दुकानदार आणि अनेकदा न्यायदान करणारा एकच असे. या व्यवस्थेत केवळ स्थानिक पैसा होता असे नाही. डेल्टामधील स्कॉट येथील ‘डेल्टा अँड पाइन लँड’ ही प्रचंड मळा-कंपनी १९११ पासून मँचेस्टरच्या सूतगिरणीवाल्यांच्या मालकीची होती.

कपाशीच्या बोंडात शिरणारा सोंड्या भुंगा १९०७ मध्ये राज्यात पोहोचला आणि अनेक भागांतील पीक त्याने बसविले. पण व्यवस्थेचे अंतरंग उघड केले ते १९२७ च्या महापुराने. २१ एप्रिल रोजी ग्रीनव्हिलच्या उत्तरेस माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिलच्या बांधावर हजारो लोक अडकले. त्यांना हलविण्यासाठी बोटी आल्या. गौरवर्णीय गेले, कृष्णवर्णीयांना जाऊ देण्यात आले नाही, कारण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत अशी मळेवाल्यांना भीती होती. बांधावरील छावण्यांत त्यांच्यावर पहारे बसले, गळ्यात ओळखीचे बिल्ले अडकविण्यात आले आणि मदतीच्या शिध्यासाठी त्यांना मजुरी करावी लागली. गुलामगिरी संपून बासष्ट वर्षे झाली होती. १९२८ मध्ये काँग्रेसने पूरनियंत्रणाचा कायदा करून बांधांची जबाबदारी संघराज्याकडे घेतली. मजुरांबद्दलची भीती मात्र खरी ठरली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला जाणारा ओघ वाढतच गेला. १९३० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, १९४० मध्ये ते राहिले नाहीत. त्या ओघात गाणेही गेले. स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालविणारे मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेले आणि डेल्टाचे ‘ब्लूज’ तेथे विजेच्या गिटारवर वाजू लागले.

याच काळात एक वैचारिक घटना घडली, जिची दखल भारतीय अभ्यासकांनी घ्यायला हवी. जॉन डोलार्ड यांनी डेल्टामधील इंडियानोला या गावाचा अभ्यास करून १९३७ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच ‘जात’ आणि ‘वर्ग’ हे शब्द होते. नॅचेझवरील १९४१ च्या अभ्यासानेही हीच परिभाषा स्वीकारली. डॉ. आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरील भाषण १९३६ मध्ये पुस्तकरूपाने आले होते, हा कालसंयोग लक्षणीय आहे. वर्णभेदाला जात म्हणावे काय, यावर ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये कडाडून टीका केली. भारतीय जातिव्यवस्थेला तिच्या बळींचीही मान्यता असते, असे गृहीत धरून त्यांनी भेद दाखविला. आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला त्यांच्या टीकेची ही बाजू टिकणारी वाटणार नाही.

मतपत्रिका आणि यंत्र

२ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळील हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रे लोकांसमोर चालवून दाखविण्यात आली. एक यंत्र कित्येक डझन मजुरांचे काम करीत होते. वीस वर्षांत यंत्रे व तणनाशके यांनी वाटेकरी अनावश्यक केले. नागरी हक्कांचा लढा आणि हे यांत्रिकीकरण एकाच वेळी घडले, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. माणसांना मत मिळण्याच्या वेळी त्यांच्या श्रमाची गरज संपत आली होती. मळेवाल्यांना त्यांना हाकलण्यात आता आर्थिक तोटा उरला नव्हता.

ऑगस्ट १९५५ मध्ये मनी या खेड्यात शिकागोहून आलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या विद्यापीठप्रवेशासाठी सैन्य आणावे लागले. १२ जून १९६३ रोजी मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडले. या घटना परिचित आहेत. त्यांपेक्षा सनफ्लॉवर कौंटीतील दोन व्यक्ती शेजारी ठेवून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. जेम्स ईस्टलंड हे तेथील मळेवाले, १९५६ ते १९७८ पर्यंत सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. त्याच कौंटीत एका मळ्यावर हजेरी व वजनाची नोंद ठेवणाऱ्या फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मतदार नोंदणीसाठी इंडियानोलाला गेल्या. त्याच दिवशी त्यांना मळा सोडावा लागला; तेथे त्यांनी अठरा वर्षे काम केले होते. जून १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना जबर मारहाण झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सर्व देशासमोर सांगितले. १९६९ मध्ये त्यांनी सहकारी शेती सुरू केली. केवळ मताने पोट भरत नाही, हे मळ्यावर वाढलेल्या या बाईंना नेत्यांपेक्षा आधी कळले होते.

भारताचाही एक प्रसंग यात आहे. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया जॅक्सन येथे आले असता वर्णाच्या कारणावरून त्यांना एका उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यात आला. दुसऱ्या दिवशी ते पूर्वसूचना देऊन पुन्हा तेथे गेले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. अमेरिकी परराष्ट्र खात्याने नंतर दिलगिरी व्यक्त केली. महिन्याभरातच, २१ जून रोजी, नेशोबा कौंटीत चेनी, गुडमन व श्वेर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. चॉक्टॉंचे जे वंशज मिसिसिपीत टिकून राहिले, त्यांची मुख्य वस्तीही याच कौंटीत आहे.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९६४ मध्ये पात्र कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के मतदार नोंदलेले होते. १९६७ मध्ये ५९.८ टक्के. परंतु त्याच १९६७ मध्ये शेतमजुरांना किमान वेतन लागू झाले आणि मळेवाल्यांनी उरलेली माणसेही कमी केली. एप्रिलमध्ये रॉबर्ट केनेडी डेल्टात आले, तेव्हा त्यांना जगातील सर्वांत श्रीमंत देशात भुकेने पोट फुगलेली मुले पाहावी लागली.

कापसानंतरची अर्थव्यवस्था

कापसापलीकडे पाहण्याचा पहिला संघटित प्रयत्न १९३६ मध्ये गव्हर्नर ह्यू व्हाइट यांनी केला. ‘शेतीला उद्योगाची जोड’ देणाऱ्या त्यांच्या योजनेनुसार गावांनी कर्जरोखे काढून कारखान्यांच्या इमारती बांधाव्यात व उद्योजकांना त्या सवलतीने द्याव्यात, अशी सोय झाली. पॅस्कागुला येथील जहाजबांधणीचा कारखाना हे या धोरणाचे मोठे यश. तो आजही राज्यातील प्रमुख रोजगारदात्यांपैकी एक आहे. या धोरणाची दुसरी बाजू अशी, की कारखानदारांना दाखविलेले आकर्षण मुख्यतः स्वस्त आणि असंघटित मजुरांचे होते. कँटन येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या निस्सानच्या कारखान्यातही हा प्रश्न जिवंत राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील कामगारांनी संघटना स्थापण्याचा प्रस्ताव मतदानाने फेटाळला. सरकारी सवलती आणि कमी वेतन यांवर उभ्या राहिलेल्या उद्योगातून शाळांना कर किती मिळतो, हा प्रश्न तेथे आजही विचारला जातो.

शेतीत आता कुक्कुटपालन आणि इमारती लाकूड यांना अग्रस्थान असून सोयाबीनने कापसाला मागे टाकले आहे. डेल्टामध्ये १९६० च्या दशकापासून शेतांत तळी करून कॅटफिश हा मासा वाढविला जातो आणि त्यात हे राज्य देशात पुढे आहे. कापूस मात्र दुसऱ्या वाटेने महाराष्ट्राशी पुन्हा जोडला गेला. ‘डेल्टा अँड पाइन लँड’ ही मळा-कंपनी पुढे बियाणे कंपनी झाली. मोन्सँटोचे बोंडअळीरोधक जनुक असलेले तिचे वाण १९९६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. हेच तंत्रज्ञान जालन्याच्या महिको कंपनीच्या संकरित वाणांतून २००२ मध्ये भारतात मान्यता पावले. १९९८ मध्ये याच अमेरिकी कंपनीने व तेथील कृषी खात्याने मिळून, पुढच्या पिढीत उगवणार नाही असे बी तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते; ते बियाणे कधी बाजारात आले नाही. २००७ मध्ये कंपनी मोन्सँटोने विकत घेतली.

१९९० च्या कायद्याने नदी व किनाऱ्यावर तरंगत्या जुगारघरांना परवानगी मिळाली. देशातील अत्यंत गरीब कौंट्यांपैकी एक असलेल्या ट्युनिकात १९९२ पासून झगमगाट आला, पण पुढे गिऱ्हाईक अन्यत्र वळताच तो ओसरला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कत्रिना वादळाने किनाऱ्यावरील ही तरंगती घरे उचलून जमिनीवर फेकली. वेव्हलंड व बे सेंट लुईस ही गावे जवळजवळ पुसली गेली आणि राज्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. जगाचे लक्ष तेव्हा न्यू ऑर्लिन्सकडे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राजधानी जॅक्सनची पाणीपुरवठा यंत्रणा कोलमडली आणि सुमारे दीड लाख लोकांना प्यायला स्वच्छ पाणी राहिले नाही. शाळांच्या विलगीकरणाला विरोध करणारे निकाल आल्यावर गौरवर्णीय कुटुंबे शहर सोडत गेली आणि करांचे उत्पन्नही त्यांच्याबरोबर गेले; जलवाहिन्यांची दुरवस्था त्यानंतरच्या दशकांतली आहे.

सर्व चित्र असेच नाही. १९५६ मध्ये, शाळा एकत्र करण्याच्या भीतीने, या राज्याने सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द केला होता. गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या १९८२ च्या सुधारणांनी ती दिशा बदलली. २०१३ च्या वाचनविषयक कायद्यानंतर चौथीच्या विद्यार्थ्यांचे वाचन इतके सुधारले, की २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत मिसिसिपी देशाच्या सरासरीहून वर होते. १८९४ पासून राज्यध्वजाच्या कोपऱ्यात असलेले फुटीर राज्यांचे चिन्ह जून २०२० मध्ये हटविण्यात आले.

१८९० ची राज्यघटना मात्र, अनेक दुरुस्त्यांसह, आजही अमलात आहे. डोईपट्टी आणि अर्थ सांगण्याची अट गेली. परंतु काही गुन्ह्यांसाठी मताधिकार कायमचा काढून घेणारे कलम २४१ टिकून आहे. परिषदेने त्या यादीत चोरी, जाळपोळ, खोटी बतावणी, बनावट दस्तऐवज, द्विभार्या असे गुन्हे घातले. ते कृष्णवर्णीयांकडून अधिक घडतात, असा तिच्या सदस्यांचा समज होता. खून आणि बलात्कार मूळ यादीत नव्हते. ते १९६८ मध्ये आले. या कलमाविरुद्धची याचिका संघीय अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फेटाळली आणि कलमात बदल करायचा असेल तर तो विधिमंडळाने करावा, असे सांगितले.